एक कट, एक गिरकी

त्या गल्लीत केस कापायची दुकानं तीन होती, पण लहान मुलाचं डोकं म्हटलं की सगळे एकाच दारात यायचे. कात्रीताईच्या. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालासुद्धा फक्त फॉर्म भरताना आठवायचं, इतकी ती सगळ्यांची कात्रीताई होती.

दुकान म्हणजे काय, तळमजल्यावरची एक लांबट खोली. दोन गोल फिरणाऱ्या खुर्च्या, भिंतभर आरसा, मागे एक दार, आणि त्या दारातून दोन पावलं टाकली की थेट तिचं स्वयंपाकघर. मूल आलं की ती खुर्चीच्या दोन हातांवर एक गुळगुळीत फळी टाकायची, मुलाला उचलून तिच्यावर बसवायची आणि त्याला काही कळायच्या आत तोंडाचा पट्टा सुरू करायची. "अय्या, तुझ्या कानात हत्ती शिरलाय का रे? हलू नकोस, पळेल तो!" कच. "शेपूट दिसली!" कच कच. "गेला बघ!" मूल हत्ती शोधत बसायचं आणि तोवर केस जमिनीवर. चौदा मिनिटांत काम फत्ते. "माझ्या खुर्चीत मूल रडत नाही," हे ती इतक्यांदा सांगायची की समोरचा किराणावालासुद्धा तिच्याबरोबर ओठ हलवायचा.

आणि तिच्या स्वतःच्या लेकाचं डोकं? सासूबाई त्याला कावळ्याचं घरटं म्हणायच्या. अडीच वर्षांचा झाला तरी त्यानं डोक्याला कंगवा लागू दिला नव्हता, कात्री तर लांबचीच गोष्ट. नुसता कंगवा दिसला तरी तो असा किंचाळायचा की वरच्या मजल्यावरचे लोक खाली बघायला यायचे.

"काय हो ताई, जगाची पोरं चकाचक आणि घरात जंगल?" गिऱ्हाइकं चिडवायची.

"वाढवतोय आम्ही. हिरो करायचाय त्याला," ती हसून म्हणायची. हसायची, पण ते बोलणं आत कुठंतरी टोचायचंच ना.

घरात त्याला भोवरा म्हणायचे. पाय फुटल्यापासून तो स्वतःभोवती फिरायचा, डब्यांची झाकणं फिरवायचा, आणि दुकानातली रिकामी खुर्ची फिरवत तासन् तास बसायचा. गोड पोरगं हो, एकदम गोड. पण एक शब्द बोलायचा नाही. आई नाही, बाबा नाही, काही नाही. "याचा बाप साडेतीन वर्षांनी बोलला," सासूबाई म्हणायच्या, "आणि आत्ता तरी कुठं बोलतो?" बाप बस चालवायचा आणि खरंच फारसा बोलायचा नाही, त्यामुळे विषय तिथंच संपायचा.

मग एक दिवस पाळणाघरवाल्या काकूंनी कात्रीताईला दारातच थांबवलं.

"रागावू नकोस बाई. पण हा बोट दाखवत नाही. हाक मारली तर वळत नाही. चमचा पडला की बघतो, म्हणजे कान चांगले असतील. तरी एकदा डॉक्टरला दाखव ना."

कात्रीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याची बाटली, बदलायचे कपडे, त्याचं लाडकं डब्याचं झाकण, सगळं पिशवीत कोंबलं आणि त्याला घेऊन तरातरा घरी. दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर बंद. "माझ्या मुलात खोट काढते!"

पाच दिवस ती अशीच धुमसत होती. सहाव्या दिवशी दुकानात एक चिमुरडी आली, जेमतेम सव्वा वर्षाची. फळीवर बसली, पाण्याच्या फवाऱ्याकडे बोट केलं, मान वळवून आईकडे बघितलं, पुन्हा फवाऱ्याकडे, पुन्हा आईकडे. "हे! हे!" म्हणजे बघ ना आई, काय भारी आहे हे! बस एवढंच. रोज शंभर मुलं करतात तसलं काहीतरी. पण कात्रीताईचा हात हवेत थांबला. हत्ती बित्ती सगळं तोंडातच राहिलं. तिचा भोवरा अडीच वर्षांत एकदाही असं "हे बघ" म्हणाला नव्हता.

त्या संध्याकाळी तिनं आधी पाळणाघर गाठलं, काकूंचे हात धरले, रडली, "चुकले हो," म्हणाली, आणि मग डॉक्टरची वेळ घेतली.

आधी कान तपासले. ठणठणीत. मग लहान मुलांच्या वाढीच्या डॉक्टरबाई त्याच्यासमोर चक्क जमिनीवर मांडी घालून बसल्या. साबणाचे फुगे काढले, थांबल्या, बघितलं, लिहिलं. हाक मारली, बघितलं, लिहिलं. तास दीड तास असंच चाललं, आणि घरच्यांना शंभर प्रश्न विचारून झाले. शेवटी त्या म्हणाल्या, "याला ऑटिझम आहे. स्वमग्नता म्हणतात आपल्याकडे."

कात्रीताईचा पहिला प्रश्न काय असणार? "माझ्यामुळे झालं का? मी दिवसभर दुकानात असते..."

"नाही. तुमच्यामुळे नाही, दुकानामुळे नाही, कोणी लाड केले म्हणून नाही. सासूबाईंमुळेसुद्धा नाही."

"हे लिहून देता का?" सासूबाईंनी लगेच विचारलं, आणि डॉक्टरबाई खळखळून हसल्या.

"हा काही ताप नाही, गोळीनं उतरायला," त्या म्हणाल्या. "त्याचं डोकं वेगळ्या पद्धतीनं चालतं आणि तसंच चालणार. पण तुम्ही लवकर आलात. आत्तापासून थेरपी सुरू केली तर सांगणं, खेळणं, माणसांत रमणं, पुष्कळ शिकेल तो. किती आणि कधी, ते मी आज नाही सांगू शकत."

जिना उतरून खाली आल्यावर बापानं भोवऱ्याला खांद्यावर घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग सोमवारी कितीला यायचं?" कात्रीताईला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला की लग्नातसुद्धा तेवढा आवडला नव्हता.

थेरपी शिकवणारी मुलगी चोविशीची असेल. खांद्याला तिच्या उंचीएवढी पिशवी, पिशवीत चेंडू, ब्रश, फुगे, चित्रं, काय काय. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पिशवीताई ठेवलं. आठवड्यातून दोनदा हे लोक तिच्याकडे जायचे, एकदा ती घरी यायची.

"सगळ्यात आधी त्यानं काय शिकावं असं वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आई म्हणायला," कात्रीताई क्षणात म्हणाली.

"म्हणेल की. पण आधी आपण त्याला नको शिकवू या?"

"नको? ते तर तो दिवसभर घर डोक्यावर घेऊन सांगतो!"

"तेच तर. साधं सांगितलं तरी कोणीतरी ऐकतं, हे त्याला अजून माहीतच नाही. म्हणून ओरडावं लागतं बिचाऱ्याला." तिनं हाताचा पंजा पुढे केला. "असा हात, किंवा शब्द. आणि त्यानं नको म्हटलं की घरातल्या प्रत्येकानं थांबायचं. लगेच."

कात्रीताई हो हो म्हणाली. पण मनातून तिला ते काही पटलं नव्हतं. मुलांना विचारत बसलं तर तिचं एक डोकं तरी पूर्ण झालं असतं का? तिचं सगळं कसबच मुळी कळू न देण्यात होतं. आणि तिथंच घोटाळा झाला.

थेरपी केंद्राच्या फॉर्मला भोवऱ्याचा फोटो हवा होता, आणि भोवऱ्याच्या डोळ्यांवर तर केसांचा पडदाच. रविवारची दुपार, दुकान बंद, पोरगं गाढ झोपलेलं. कात्रीताईचे हात शिवशिवले. तिनं हळूच उशीवर टॉवेल सरकवला, सगळ्यात बारीक कात्री घेतली आणि श्वास रोखून सुरुवात केली. सहा मिनिटांत डावी बाजू तयार! काय तो कट, काय ती सफाई! मग उजव्या बाजूसाठी तिनं त्याची मान हलकेच वळवली. आणि त्याचे डोळे उघडले.

डोळ्यांसमोर कात्री. उशीवर केस. त्याचेच.

पाऊण तास तो रडत होता. रडत कसला, थरथरत होता. आणि त्यानंतर कात्रीताई जवळ आली की तो दोन्ही हात डोक्यावर दाबून धरायला लागला. ती जेवण घेऊन आली तरी. चेंडू घेऊन आली तरी. तिच्या हातचा घास खायचा, पण एक हात डोक्यावर ठेवून. दुकानाच्या दाराकडे तर तो बघेनासाच झाला, आपली लाडकी फिरणारी खुर्ची सोडून! अर्धं डोकं कापलेलं, अर्धं जंगल, आणि त्यावर दोन इवलेसे हात. फोटोपण तसाच निघाला.

"चोरी केली मी," कात्रीताईनं पिशवीताईला सांगितलं. तिला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार.

पिशवीताईनं ते डोकं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, ओठ घट्ट मिटले, पण शेवटी फुटलीच. "कट मात्र झकास आहे हो. अर्धा!" दोघी हसल्या, आणि हसता हसता एकीचे डोळे वाहायला लागले.

"मला केस नकोत आता," कात्रीताई म्हणाली. "नाही कापले तरी चालतील, गुडघ्यापर्यंत वाढू देत. मी जवळ गेल्यावर त्याचा तो हात खाली आला पाहिजे, बस."

"मग तुम्ही विचारल्याशिवाय हात लावत नाही, हे त्याला पटायला हवं. एकदा सांगून नाही पटणार. शंभरदा करून दाखवावं लागेल."

आणि मग त्या घरात जे काही सुरू झालं ना! भोवऱ्याला एक लाल लोकरी मोजा अजिबात आवडायचा नाही. पिशवीताई समोरून मोजा दाखवायची, "मोजा?" बाप मागून हलकेच पोराचा पंजा उचलायचा आणि म्हणायचा, "नको." मोजा गायब! पुन्हा मोजा, पुन्हा नको, पुन्हा गायब. बस चालवून आल्यावर तो न बोलणारा माणूस रोज वीस वेळा नको म्हणायचा. "लग्नानंतर इतकं पहिल्यांदाच बोलताय," कात्रीताई म्हणायची.

सतराव्या दिवशी सकाळी ती त्याचं तोंड पुसायला ओलं फडकं घेऊन आली. तो मागे सरकला. ती थांबली. "पुसू?"

एक पंजा वर आला. आपोआप, मागं कोणी नसताना. आणि इतका बारीक आवाज, "न्को."

कात्रीताई फडक्यासकट जागच्या जागी पुतळा. मग उलट्या पावली स्वयंपाकघराबाहेर गेली, दार लावलं, आणि दुकानात येऊन अशा उड्या मारल्या की आरसा हलला. त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला चॉकलेट.

"काय हो, काय विशेष?"

"मुलगा बोलला!"

"अरे वा! काय म्हणाला?"

"नको म्हणाला!"

"कोणाला?"

"मला!" आणि ही बाई आनंदानं रडतेय. गिऱ्हाइकानं मुकाट्यानं चॉकलेट तोंडात टाकलं, अजून काय करणार!

पुढे मात्र नाकी नऊ आले. दूध? नको. शर्ट? नको. आजी? नको! "आम्हाला नको म्हणायला लग्नानंतर वीस वर्षं लागली," सासूबाई म्हणाल्या, "आणि हा बघा, दातपण पूर्ण आले नाहीत!" पण थांबायचे मात्र सगळे. औषध आणि रस्ता ओलांडताना धरलेला हात, एवढ्या दोन गोष्टींत नको चालायचं नाही, पण तेसुद्धा आधी सांगून. आणि कात्रीताई रोज लांबूनच विचारायची, "डोकं?" नको. "बरं." आणि निघून जायची. कधीकधी तर मुद्दाम विचारायची, त्याला थांबून दाखवता यावं म्हणून. असं बरं म्हणता म्हणता एका सकाळी ती त्याच्या शेजारी बसून बटणं लावत होती, आणि तिच्या लक्षात आलं, त्याचे दोन्ही हात खाली आहेत. झाकण फिरवतायत.

"आता दुकान," पिशवीताई म्हणाली. "घाई नाही. नमुना म्हणून कोणीतरी फळीवर बसायला हवं."

"मी बसते," सासूबाई.

अडुसष्टाव्या वर्षी! त्या बाई आपल्या लेकाचा हात धरून त्या फळीवर चढल्या, गळ्याला कापड बांधलं, पाय लोंबकळत. भोवरा दारात उभा.

"आई, कट?" कात्रीताईनं विचारलं.

सासूबाईंनी पंजा पुढे केला. "नको!" कात्रीताई थांबली. "कट?" "नको!" "कट?" "नको ग बाई! वा, काय छान वाटतंय हे!" चौथ्यांदा त्या हो म्हणाल्या, एक बट गेली, आणि मग पिशवीताईनं खुर्ची फिरवली. एक पूर्ण गिरकी. सासूबाई किंचाळल्या, मग खिदळल्या. आणि दारातून दोन छोटी पावलं आत आली.

तेव्हापासून नियमच ठरला. एक कट, एक गिरकी. आधी नुसती फळी, मग कापड, मग कात्रीचा आवाज. पहिला खरा कट झाला त्या दिवशी एकच केसांचा झुपका गेला, एक गिरकी मिळाली, नको आला, दुकान बंद. दुसऱ्या दिवशी एक. मग दोन. चौदा मिनिटांत डोकं उरकणारी बाई, आणि महिना झाला तरी पोराची उजवी बाजू चालूच!

मग तो शनिवार. दुकानात गर्दी, बाकावर निवृत्त मास्तर पेपर वाचून संपवून घड्याळ बघत बसलेले. आणि मागच्या दारातून भोवरा आपणहून आला, कोणी न बोलावता, खुर्चीपाशी उभा राहिला. मास्तरांचा नंबर होता, पण कात्रीताईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते म्हणाले, "घ्या, घ्या त्याला."

कट. गिरकी. कट. गिरकी. कंगवासुद्धा चालला थोडा! सहा कट झाले, तिचा एवढ्या दिवसांतला विक्रम, आणि सातव्याला पंजा वर आला. "नको."

उजव्या कानावर एकच बट राहिली होती. चार बोटं लांब. कात्री उघडी, बट दोन पात्यांच्या मधे, नुसती बोटं मिटायचा अवकाश. हातातली सगळी वर्षं म्हणत होती, मीट, कळणारसुद्धा नाही त्याला.

"अहो एकच राहिलीय, उडवा की!" मास्तर म्हणाले. "त्याला काय कळतंय!"

कात्रीताईनं आरशात बघितलं. भोवरा आरशातून तिच्या हाताकडेच बघत होता.

तिनं कात्री बाजूला घेतली, मिटली, फळकुटावर ठेवली आणि दोन्ही रिकामे हात आरशात दाखवले. "बरं. नको तर नको."

ती गप्प, जी कधीच गप्प नसायची. हत्ती नाही, शेपूट नाही. पंखा फिरतोय तेवढाच आवाज.

मग भोवऱ्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"अजून."

हा शब्द तो पिशवीताईकडे फुग्यांसाठी म्हणायला शिकत होता. घरी कधीच आला नव्हता. कात्रीताईला काय करू आणि काय नको झालं, तिनं आनंदाच्या भरात खुर्ची धरली आणि दिली गिरकी! अर्ध्यातच भोवऱ्यानं पाय आरशाखालच्या कप्प्याला टेकवला आणि खुर्ची थांबवली.

"नको."

"अरे! आत्ता तर अजून म्हणालास!"

त्यानं तिचं मनगट पकडलं. तिचा हात कात्रीवर नेऊन ठेवला. मग मान खाली घातली आणि वाट बघत बसला. आधी कट, मग गिरकी. नियम म्हणजे नियम, असं मधेच फुकटची गिरकी देऊन घोळ घालायचा नाही!

"कट?" तिनं विचारलं.

मान खालीच. पंजा खालीच. हात डोक्यावर नाही, मांडीवर.

कच. बट गेली. आणि मग अशी गिरकी, अशी गिरकी की कापडावरचे केस सगळ्या दुकानात उडाले, आणि भोवरा हसला, तोंड उघडून, मोठ्यानं. सासूबाई धावत आल्या, "काय झालं? कोण रडतंय?" रडत होती ती कात्रीताई. तिच्या खुर्चीत मूल रडत नाही, हे खरंच होतं तसं.

कट कसा झाला होता म्हणाल, तर आयुष्यातला सगळ्यात वाईट. पुढे पायऱ्या, मागे खाचा, डावी बाजू तोवर पुन्हा वाढलेली. किराणावाला समोरून ओरडला, "कोणी कापले हो हे?"

"मी!" ती अशी ओरडली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "आणि त्यानं!"

आई हा शब्द अजून यायचा होता. येईल तेव्हा येईल, तिला आता घाई नव्हती.

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि खुर्चीत येऊन बसले. "मी उगाच बोललो मघाशी. पोराला सगळं कळतंय." मग जरा खाकरून, "माझेपण विचारूनच कापा हो."

"कट?" कात्रीताईनं विचारलं.

"हो."

कच. आणि दुसऱ्याच क्षणी खुर्ची हलली. खाली दोन छोट्या हातांनी तिचा दांडा घट्ट धरला होता. एक कट झाला होता ना! मास्तर ओरडले, "अरे, अरे, अरे!" आणि गळ्यातलं कापड फुलवत, चष्मा सांभाळत, आयुष्यात पहिल्यांदाच गोल फिरले.